रविवारचे काळबांडे सर

काळबांडे सरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता, “सोनवणेबाई, तुम्ही सकाळी किती वाजता उठता?”

मी गोंधळले. तत्त्वज्ञानाचा पहिला तास. देव आहे का, जग खरं आहे का, असलं काहीतरी विचारतील म्हणून दोन दिवस धास्तावले होते. म्हटलं, “पाचला.”

“काहून?”

“यांची सातची पाळी असते सर. डबा करायचा असतो.”

“डबा झाल्यावर?”

असं करत करत त्यांनी माझा अख्खा दिवस फळ्यावर उतरवला. डबा, धुणं, दोन मुलींची शाळा, साड्यांना टिकल्या चिकटवायचं घरचं काम, सासूबाईंचं पथ्य, पुन्हा स्वयंपाक. मग पुढच्याचा दिवस, मग त्याच्या पुढच्याचा. आम्ही चौदा जण होतो. उधन्याच्या एका मराठी शाळेतली दुसरीची खोली, बाकं लहान पोरांची, सगळ्यांचे गुडघे छातीशी आलेले. भिंतीवर अननस, आंबा, द्राक्षं. महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाचा बी.ए.चा अभ्यासक्रम पोस्टाने यायचा आणि त्याचं हे सुरतेतलं केंद्र होतं. मी तत्त्वज्ञान घेतलं ते आवड होती म्हणून नव्हे. फॉर्म भरून घेणारा म्हणाला होता, “ताई, ह्यात गर्दी नाही.” एवढंच कारण.

माझ्या मागे भिका महाजन बसला होता. पाचोऱ्याकडचा, पांडेसऱ्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, बारा तास. त्याच्या दिवसात कुठे फटच सापडेना. सर खडू धरून थांबले.

“जेवायला किती वेळ लागतो, महाजन?”

“वीस मिनिटं.”

“जेवून झाल्यावर?”

“बिडी.” सगळे हसले.

“किती बिड्या?”

“दोन.”

“त्यातली एक माझी,” सर म्हणाले, आणि फळ्यावर त्याच्या दिवसात पंधरा मिनिटांची एक रेघ ओढली. त्या रेघेखाली लिहिलं, ‘वाचन’.

मग त्यांनी काय करावं लागेल ते सांगितलं. पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण तीनदा वाचायचं. पहिल्यांदा हातात पेन्सिल न घेता, गावाकडून आलेलं पत्र वाचतो तसं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. तिसऱ्यांदा पुस्तक मिटून, म्हणजे वाचलेलं कुणाला तरी सांगून बघायचं. “घरात कोणी ऐकत नसेल तर भिंतीला सांगा. भिंत उठून जात नाही.” रोज एक पान स्वतःच्या शब्दांत लिहायचं. वर्षाला आठ उत्तरपत्रिका, ठरल्या रविवारी त्यांच्या टेबलावर; त्या तपासून ते विद्यापीठाला पाठवणार. “तारीख म्हणजे तारीख. सोमवारी आणलेली मी घेणार नाही. जमणार नसेल तर आज सांगा, मला राग येणार नाही. पण एकदा हो म्हटलं की करावं लागेल.”

पुढच्या रविवारी चौदाचे नऊ झाले.

सर अचलपूरकडचे. सुरतेत तीस वर्षं काढली होती तरी बोलताना वऱ्हाड डोकवायचं. “काय वाचून राहिले तुम्ही?” असं विचारायचे. कारण विचारताना ‘का’ हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही, ‘काहून’च यायचा, आणि दर दोन वाक्यांनी यायचा. त्यामुळे त्यांचं नाव पडलं ‘काहून सर’. ते त्यांना माहीत होतं. आठवडाभर ते त्याच शाळेत दुसरीला शिकवायचे. स्वतः एम.ए. झाले होते तेही असंच पोस्टाने, चाळिशीत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी अमरावतीला दिलेली. उंच, पाठीत थोडे वाकलेले, पँटचा उजवा पाय सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला. तो चिमटा काढायला ते कायम विसरायचे आणि तसेच शिकवायचे. कुणी बोलायला लागलं की चष्मा काढून ठेवायचे. चष्मा असला की आपण माणूस बघत बसतो आणि ऐकायचं राहून जातं, असं त्यांचं म्हणणं.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. आमच्यापैकी कुणालाही सुरतेत कोणी ‘तुम्ही’ म्हणत नव्हतं. कारखान्यात ‘ए भाऊ’, टिकल्यांचा माल द्यायला येणारा मला ‘ए बेन, जल्दी’. सर मात्र सगळ्यांना आडनावाने आणि ‘तुम्ही’ म्हणून हाक मारायचे. भिका म्हणायचा, “ह्या एका गोष्टीसाठी मी येतो. बाकी डोक्यावरून जातं.”

बाकी डोक्यावरून जात नव्हतं. एकदा त्याने अनुभववादावरचं उत्तर गाईडमधून जसंच्या तसं उतरवून आणलं. सरांनी पहिल्या चार ओळी वाचल्या आणि चष्मा काढला.

“महाजन, लूमवर धाग्याची तार तुटणार आहे हे तुम्हाला तुटायच्या आधी कळतं का?”

“कळतं ना.”

“कसं? बघून?”

“बघून नाही सर. आवाज बदलतो. एवढ्या मशिनींत आपल्या मशिनीचा आवाज वेगळा ऐकू येतो. जरा बारीक होतो.”

“हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?”

“पुस्तकात कसं असेल? चार वर्षं उभा आहे तिथं.”

“मग हे लिहा न बाप्पा!” सरांनी ती पानं त्याच्या हातात परत दिली. “गाईडवाल्याला लूम माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.”

भिकाने ते लिहिलं. वीसपैकी चौदा मिळाले. तो कागद त्याने कारखान्यातल्या मुकादमालाही दाखवला.

माझ्या घरचं प्रकरण वेगळं होतं. सासूबाईंना माझं पुस्तक घेऊन बसणं खपत नसे. मी दोन रविवार गेले नाही, तर सर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळा सुटल्यावर थेट दारात. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. सासूबाईंच्या खाटेसमोर फरशीवर मांडी घालून बसले.

सासूबाई अहिराणीत म्हणाल्या, “काय शिकाडतस मास्तर इले? बी.ए. करीसन हाई काय करी?”

“विचार करेल.”

“पगार भेटस का याना?”

“नाही भेटत.”

“मंग कसाले?”

सरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग अगदी खरेपणाने म्हणाले, “ते मलाही अजून नीट नाही सांगता येत, आजी. तीस वर्षं झाली, मी बी शोधूनच राहिलो.”

सासूबाई हसल्या. मला चहा टाकायला सांगितला. ते गेल्यावर म्हणाल्या, “खुळा शे हाऊ मास्तर. पन चांगला शे.” त्या दिवसापासून दुपारी अर्धा तास त्या मला काम सांगत नसत. त्या अर्ध्या तासावर माझं बी.ए. झालं.

वत्सला गव्हाणे आली ती आमच्यानंतर दोन महिन्यांनी. परभणीकडची. नवरा बमरोलीत रंगाच्या कारखान्यात, ती स्वतः साड्यांचे सुटे धागे कापायच्या कामावर. बमरोलीहून उधन्याला चालत यायची, कडेवर दीडेक वर्षांची मुलगी. दाराजवळच्या बाकावर बसायची, म्हणजे मुलगी रडली की चटकन बाहेर जाता यावं. वर्गात तोंड उघडत नसे. सरांनी विचारलं तर पदर ओढून मान खाली.

पण लिहायची! तिची पहिली उत्तरपत्रिका सरांनी आम्हाला वाचून दाखवली. माणूस स्वतंत्र आहे का, असा प्रश्न होता. आम्ही सगळ्यांनी पुस्तकातली दोन्ही मतं लिहून शेवटी ‘थोडक्यात’ असं म्हणून काहीतरी गुंडाळलं होतं. वत्सलाने लिहिलं होतं, ‘आमच्या चाळीत नळ वीस मिनिटं असतो. आधी पिण्याचा हंडा भरायचा की धुण्याची बादली, हे मी ठरवते. मला कोणी जबरदस्ती करत नाही. पण नळ किती वेळ चालेल, हे मी ठरवत नाही. म्हणून मी स्वतंत्र आहे असं मी वीस मिनिटं म्हणू शकते.’

सरांनी कागद खाली ठेवला. “तीस वर्षं मी हे वाचून राहिलो,” ते म्हणाले, “असं मला कोणी सांगितलं नव्हतं, गव्हाणेबाई.” वत्सला मुलीच्या झबल्याची गाठ सोडत आणि बांधत बसली होती. कान लाल झाले होते तिचे.

त्या दिवसानंतर सरांचं शिकवणं बदललं. शिकवायचे सगळ्यांना, पण काही अवघड सांगून झालं की नजर दाराकडे जायची. तिला कळलं का, ते बघायला. तिच्या कपाळावर आठी दिसली तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. मला थोडा मत्सर वाटायचा, खोटं कशाला बोलू. वर्गात हुशार म्हणून माझं नाव होतं तोवर.

आता सांगायचं ते सांगते.

प्लेगच्या वर्षाची, म्हणजे चौऱ्याण्णवची गोष्ट. भाद्रपदात पाऊस नुसता कोसळत होता, तापी भरली होती, खाडीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. चौथ्या उत्तरपत्रिकेचा रविवार त्याच दिवसांत आला. आम्ही सात जण भिजत गेलो आणि कागद देऊन आलो. वत्सला आली नाही. ती आली त्याच्या पुढच्या रविवारी. गणपती बसलेले होते, शेजारच्या मंडळाचा लाउडस्पीकर चालू होता. सर फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. ती आत आली, टेबलाजवळ गेली आणि घडी केलेले कागद पुढे धरले.

इथे एक सांगायला हवं. सरांचा तो तारखेचा नियम हट्टापायी आलेला नव्हता. मी येण्याच्या आदल्या वर्षी केंद्राकडून उत्तरपत्रिका दोन दिवस उशिरा गेल्या होत्या आणि विद्यापीठाने सगळ्यांना शून्य दिलं होतं. एका माणसाचं वर्ष गेलं, तो पुन्हा आलाच नाही. तेव्हापासून सर तारखेच्या बाबतीत दगड झाले होते. आणि त्या रविवारी सकाळीच दोघांनी उशिराचे कागद आणले होते, त्यांना सर नाही म्हणाले होते.

त्यांनी वत्सलाकडे पाहिलं. कागदाकडे पाहिलं. कागद सुरकुतलेले होते, कडांना शाई पसरलेली.

“तारीख गेली, गव्हाणेबाई.”

ती उभीच राहिली.

“नियम सगळ्यांना एकच. आत्ताच दोघांना परत पाठवलं मी. तुमचे घेतले तर त्यांना काय सांगू?”

“उशीर झाला सर,” ती म्हणाली. एवढंच. आवाज लाउडस्पीकरमध्ये बुडून गेला.

“हो, झाला.” सर फळ्याकडे वळले.

ती दाराजवळच्या बाकावर बसली. त्या दिवशी मुलगी बरोबर नव्हती. तास संपायच्या आधीच कधीतरी ती उठून गेली. मला वाटलं बाहेर गेली असेल, येईल. कागद बाकावरच होते.

तास संपल्यावर भिकाने ते उचलले. म्हणाला, “सर, तिच्या खोलीत कंबरभर पाणी होतं. तिचा नवरा आमच्या चाळीत आला होता झोपायला जागा बघत. पुस्तकं, वही, सगळं भिजलं. हे तिनं पुन्हा लिहिलंय, शेजारणीच्या माळ्यावर बसून.”

सरांनी कागद घेतले. तिथेच उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग लहान मुलांच्या बाकावर बसले, गुडघे वर घेऊन.

“मी विचारलं नाही,” ते म्हणाले. “सगळ्या दुनियेला काहून काहून विचारतो. तिला नाही विचारलं.”

मी म्हटलं, “सर, मी आज संध्याकाळी जाऊन सांगते तिला.”

“नाही. चूक माझी आहे. मीच सांगेन.” मग कागदांची घडी घालत म्हणाले, “पाणी अजून पुरतं ओसरलं नसेल तिकडे. पुढच्या रविवारी येतीलच त्या. सगळ्यांसमोर सांगतो. सगळ्यांसमोर नाही म्हटलं, तर सगळ्यांसमोरच माफी मागायला पाहिजे.”

हे मला बरोबर वाटलं. मीही बमरोलीला गेले नाही.

त्याच आठवड्यात शहरात प्लेगची बातमी फुटली. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. दोन दिवसांत आमची गल्ली रिकामी झाली. तोंडाला रुमाल बांधून माणसं स्टेशनकडे धावत होती, गाड्यांच्या टपांवर बसून जात होती. आम्हीही गावी, शिरपूरला गेलो, ताटात वाढलेलं तसंच ठेवून. सर गेले नाहीत. नंतर कळलं की शुक्रवारी दुपारी ते सायकलने बमरोलीला गेले होते. वत्सलाच्या चाळीत एकही माणूस नव्हतं. दाराला कुलूप होतं. खोलीबाहेर दोरीवर भिजलेल्या वहीची पानं वाळत घातलेली होती, ती कोणी काढली नव्हती.

आणि रविवारी ते वर्गात जाऊन बसले होते. नऊ ते बारा. एकटे.

दिवाळीनंतर आम्ही परतलो. वर्ग पुन्हा सुरू झाला. पाच जण. वत्सला नव्हती. सरांनी तिची उत्तरपत्रिका तपासली होती. वीसपैकी अठरा. केंद्राच्या इतिहासात एवढे गुण कुणाला पडले नव्हते. शेवटच्या पानावर लाल शाईत अर्धं पान भरून त्यांनी काहीतरी लिहिलं होतं, ते मी वाचलं नाही. मग त्यांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं. पूर आला होता, विद्यार्थिनीचा दोष नाही, उशीर माझ्यामुळे झाला असं समजावं, माझ्यावर काय ती कारवाई करा पण ही उत्तरपत्रिका घ्या. उत्तर आलं एका ओळीचं. मुदतीनंतर आलेली उत्तरपत्रिका कोणत्याही कारणास्तव स्वीकारता येणार नाही. सरांनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि माझं वाचून होईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. “बरोबर आहे त्यांचं,” म्हणाले. “मी हेच बोललो होतो.”

तास संपला की आम्ही बमरोलीला जायला लागलो. एकट्या पुरुषाने एका बाईची चौकशी करत फिरणं बरं दिसत नाही, म्हणून सर मला बरोबर घ्यायचे. सर सायकल हातात धरून चालत, मी शेजारून. तिच्या चाळीत आता दुसरी माणसं राहत होती. कोणी ओडिशाचे, कोणी युपीचे. “गव्हाणे? मालूम नहीं.” घरमालक म्हणाला, “मराठवाडावाळा बधा गया, पाछा नथी आव्या.” सगळे गेले, परत आलेच नाहीत म्हणे. नवऱ्याच्या कारखान्यातला हजेरी लिहिणारा म्हणाला, नाव काढून टाकलं. दोन वर्षं आम्ही अशी चौकशी केली. परभणीच्या पत्त्यावर सरांनी तीन पत्रं टाकली, त्यातलं एक परत आलं, बाकी दोन्हींचं काही कळलं नाही.

या दोन वर्षांत सर बदलले. कुणी कागद कधीही आणावा, सर घेत. तारीख उलटून गेली की स्वतः जाऊन विद्यापीठाच्या माणसाचे पाय धरत. एखाद्याने लिहून आणलं नाही तरी “बरं, पुढच्या वेळी” म्हणत. कुणी बोलायला लागलं की चष्मा काढायचे तसाच, पण प्रश्न विचारत नसत. चुकीचं बोललं तरी मान हलवत. आम्हाला सुरुवातीला बरं वाटलं. मग आमचं लिहिणं ढिलं पडत गेलं. एक दिवस भिका न राहवून म्हणाला, “सर, आम्हाला रागवा ना जरा. नुसतं चांगलं चांगलं म्हणतात तुम्ही.”

सर म्हणाले, “महाजन, मला आता भीती वाटते.”



वत्सलाचा पत्ता भिकानेच आणला. त्याने लूम सोडून पलसाण्याच्या हायवेवर कापड रंगवायच्या एका डाइंगमध्ये काम धरलं होतं. तिथे मागच्या लाइनीत, खोल्यांच्या रांगेत, त्याने तिला पाहिलं. पुढच्याच रविवारी सरांनी तास अर्ध्यावर सोडला आणि आम्ही दोघं बसने निघालो. सरांनी धुतलेला शर्ट घातला होता. मांडीवर पुठ्ठ्याची फाइल. सगळ्या वाटेत ते एकदाच बोलले. “काय म्हणू मी पहिल्यांदा, सोनवणेबाई?”

“नमस्कार म्हणा सर. बाकी येईल तोंडात.”

कारखान्याच्या मागे निळ्या-जांभळ्या पाण्याचा नाला, त्याच्या काठाने पत्र्याच्या खोल्या. वत्सला दारात बसून साडीचे धागे कापत होती. आधी तिने मला ओळखलं, मग माझ्यामागे पाहिलं आणि कात्री हातातून खाली ठेवली. पदर घेतला, उठून सरांच्या पाया पडली. सुकली होती. थोरली मुलगी आता चार वर्षांची, दुसरं बाळ झोळीत. आम्हाला आत बसवलं, स्टो पेटवला.

सर नमस्कार म्हणालेच नाहीत. फाइल उघडून त्यांनी कागद पुढे धरले. दोन वर्षांपूर्वी तिने धरले होते तसेच, दोन्ही हातांनी.

तिने कागद ओळखले. लाल शाई पाहिली. “अठरा?”

“हो.”

“म्हणजे मी नापास नव्हते?”

मीच म्हटलं, “अगं, नापास कोण म्हणालं तुला? सगळ्यांत जास्त आहेत.”

“न्हाई, मला वाटलं,” ती चहाकडे बघत म्हणाली, “सर घेईनात म्हणल्यावर हे आपल्याच्यानं व्हायचं न्हाई. सरांचं बरोबर व्हतं. वेळेत करायला येत न्हाई म्हणजे आपलं काम न्हाई ते. घरच्यांनी बी तेच म्हणलं.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. जरा जरी असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

“चूक माझी होती,” सर म्हणाले. “फार मोठी चूक झाली माझ्याच्यानं. मी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. तुम्ही पुन्हा नाव घाला. मी फॉर्म आणलाय. पुस्तकं माझी घ्या. मी इथं येऊन शिकवीन, दर रविवारी. तारीख-बिरीख काही नाही.”

“आता नको, सर.”

“काहून?”

दोन वर्षांत मी तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

वत्सलाने तीन कपांत चहा गाळला. सरांचा कप आधी दिला. मग म्हणाली, “आता मला प्रश्न पडत न्हाईत, सर. तवा पडायचे. काम करताना, चालताना, सारखं डोक्यात काहीतरी. आता नसतं काही. बरं चाललंय.”

बाळ उठलं. तिने झोळीला झोका दिला. सरांनी चहा संपवला, कप विसळून ठेवायला उठले, तिने तो हातातून घेतला. निघताना मुलगी दारापर्यंत आली आणि वत्सलाने तिला सांगितलं, “सर आहेत ते माझे. पाया पड.”

बसमध्ये सर खिडकीशी बसले. मी बोलायला गेले तर त्यांनी फक्त हात वर केला. रुमाल तोंडाला धरून ते रडत होते, आवाज न करता, उधना येईपर्यंत. कंडक्टरने मला खुणेने विचारलं, कोणी गेलं का? मी मान हलवून हो म्हटलं.

त्यानंतर सर वर्षभर शिकवत राहिले, कारण माझं आणि भिकाचं शेवटचं वर्ष होतं. नवीन नाव कुणाचं घेतलं नाही. परीक्षा उन्हाळ्यात झाली. निकाल आला तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्या खोलीवर गेले, तर शेजारणीने पोस्टकार्ड दाखवलं. सुट्टीत मुलीकडे अमरावतीला गेले होते, तिथे झोपेतच गेले. पंधरा दिवस होऊन गेले होते. मी पेढे तिच्या मुलांना दिले आणि घरी आले. त्या दिवशी सासूबाईंनी स्वयंपाक केला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तत्त्वज्ञानाच्या पेपरच्या दिवशी. भर दुपार. परीक्षेच्या शाळेत बाहेरच्यांना सोडत नसत, म्हणून ते फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत उभे होते. सावली दुसरीकडे सरकली होती, ते तिथेच होते. पेपर संपल्यावर मी घाईत होते, धाकटीला ताप होता. त्यांनी विचारलं, “कसा गेला, सोनवणेबाई?”

“बरा गेला सर.”

“बरं बरं. जा तुम्ही, मुलगी वाट बघत असेल.”

मला त्यांना सांगायचं होतं, की सर, मी चांगलं लिहिलं. तुम्ही शिकवलंत म्हणून लिहिता आलं. आणि आणखीही काही सांगायचं होतं, जे मी त्या बसमध्ये सांगू शकले नव्हते, की चूक तुमच्या एकट्याची नव्हती, त्या संध्याकाळी मीही गेले नाही. म्हटलं, निकाल लागला की सांगू. मी रस्ता ओलांडला आणि वळून पाहिलं. सर सायकलवर बसून पुलाच्या दिशेने निघाले होते. चढ सुरू झाला तसे उतरले, सायकल हातात धरली आणि उन्हात सावकाश चालू लागले. शर्ट पाठीला चिकटला होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती एवढ्याच अंतरावर होते. मध्ये बस आली. ती निघून गेली तेव्हा ते पुलाच्या माथ्यावर पोचले होते, आणि मग पलीकडे उतरत उतरत दिसेनासे झाले.